विमानं बघणं हा छंद आहे का?

'माझा आवडता छंद' या विषयावरचे निबंध तपासताना आपल्या सगळ्यांनाच एक गोष्ट माहीत असते. वर्गातल्या निम्म्या मुलांचा छंद टपाल तिकिटं जमवणं हा असतो, आणि त्यातल्या बहुतेकांनी गेल्या वर्षभरात टपालाचं तिकीट हातातसुद्धा धरलेलं नसतं. गाईडमध्ये तोच निबंध आहे, त्याला मार्क मिळतात, विषय संपला. आमच्या आठवीतल्या एका मुलानेही यंदा तिकिटांवरच लिहिलं. हाच मुलगा वर्गात शाळेवरून विमान गेलं की मान वर न करता, नुसत्या आवाजावरून "एटीआर" असं पुटपुटतो. मी त्याला विचारलं, "अरे, तुझ्या खऱ्या छंदावर का नाही लिहिलंस?" तर म्हणाला, "बाई, विमानं बघणं हा छंद आहे का? घरी तर टाइमपास म्हणतात."

पालकहो आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, माझं उत्तर आहे: हो, छंद आहे, आणि चांगला छंद आहे. त्याला पैसे लागत नाहीत, मैदान लागत नाही, क्लास लागत नाही. आणि शाळेत आपण जे शिकवतो त्यातलं कितीतरी त्यात आपोआप येतं. पण तो कसा करायचा आणि कुठे थांबायचं, हे मोठ्यांनी समजून घेतलं नाही, तर एक तर मूल तो सोडून देतं, नाहीतर कधी अडचणीतही येतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही काही आजकालची टूम नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ऑब्झर्व्हर कोर नावाचं स्वयंसेवकांचं दल होतं. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे नुसत्या आकारावरून ओळखून कळवायचं, हे त्यांचं काम. पंख कुठे जोडलेत, शेपूट कशी आहे, इंजिनं किती, यावरून काही सेकंदांत सांगायचं. १९४१ साली तिथे 'द एरोप्लेन स्पॉटर' नावाचं नियतकालिकच निघालं. युद्ध संपलं, पण लोकांची सवय गेली नाही. पोरं विमानतळाच्या कुंपणाशी वही-पेन्सिल घेऊन उभी राहू लागली आणि विमानांचे नंबर लिहू लागली. आज मँचेस्टरच्या विमानतळावर खास विमानं बघणाऱ्यांसाठी बाग आहे, तिथे एक काँकॉर्डही ठेवलंय. आपल्याकडे अशी सोय नाही. आपल्याकडे गच्ची आहे.

आमची शाळा मुंबईत, विमानं उतरतात त्या वाटेखाली. एक वाक्य बोलायचं, विमान जाऊ द्यायचं, मग पुढचं वाक्य, अशी आमची शिकवण्याची रीत. पहिली काही वर्षं मीही त्या आवाजाला वैतागायचे. मग वाटलं, जे दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून जातंच आहे ते अभ्यासात का घेऊ नये?

साधी गोष्ट बघा. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचं नाव आहे २७. सत्तावीस का? कारण तिच्यावर उतरणारं विमान होकायंत्रावर साधारण २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून असतं. शेवटचं शून्य गाळायचं, झालं २७. तीच धावपट्टी उलट्या बाजूने वापरली की तिचं नाव ०९. मुंबईची दुसरी धावपट्टी १४ आणि ३२. मुलांना फक्त एवढंच विचारा की ३२ ची दुसरी बाजू १४ च का. जी मुलं कोनांच्या धड्यात जांभया देतात, ती इथे पटकन सांगतात: "बाई, १८ चा फरक!" या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. हे एकदा कळलं की मुंबईला उतरण्याआधी विमानं आकाशात घिरट्या का घालतात, तेही कळतं.

मग वारा. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि उडतं. आमच्या डोक्यावरून ती बहुतेक वेळा पूर्वेकडून येतात आणि पश्चिमेकडे उतरतात, कारण वारा समुद्रावरून येतो. हिवाळ्यात कधीतरी वारा फिरतो आणि विमानं उलट्या बाजूने येऊ लागतात. त्या दिवशी शाळेवर शांतता असते. भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकवतो, आकृती काढून घेतो, बाण रंगवतो. पण "आज आपल्यावरून विमानं का गेली नाहीत?" या प्रश्नातून आलेले मतलई वारे मुलं विसरत नाहीत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एखाद्या दिवशी दुरुस्तीसाठी दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवतात, तेही मुलांच्या लक्षात येतं. बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येते, आमच्या पोरांना आदल्या दिवशी दुपारीच ठाऊक असतं.

"पण बाई, तुमचं मुंबईत ठीक आहे, आमच्या गावात कुठलं विमानतळ?" असं म्हणणारे शिक्षक मला भेटतात. अहो, तुमच्याकडे तर जास्त मजा आहे. तुमचं आकाश स्वच्छ असतं. युरोप आणि आखातातून आग्नेय आशियाकडे जाणारी कितीतरी विमानं महाराष्ट्रावरून, विशेषतः नागपूरच्या आसपासच्या आकाशातून जातात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारं ते चांदीचं टाचणीएवढं ठिपकं आणि त्यामागची पांढरी रेघ. अनेक गावांत मुलं तिला अजून 'रॉकेट' म्हणतात. ती रेघ म्हणजे धूर नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिथल्या उणे चाळीस अंशांच्या थंडीत ती लगेच गोठते, त्याचे ते बर्फाचे कण. वरची हवा कोरडी असेल तर रेघ आखूड असते आणि लगेच विरते. हवा दमट असेल तर ती टिकते, पसरते, तिचा ढग होतो. महिनाभर रोज संध्याकाळी रेघ आखूड की लांब एवढंच लिहायला सांगा. ही हवामानाची नोंदवही झाली, आणि खर्च शून्य.

आता गणित. मला हे फार आवडतं म्हणून थोडं लांबवते. एअरबस ए३२० या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या विमानाची लांबी साडेसदतीस मीटर आहे. विमान डोक्यावर असताना हात लांब करून पट्टी धरायची आणि ते किती मिलिमीटर दिसतं ते बघायचं. समजा दोन मिलिमीटर दिसलं आणि पट्टी डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर होती. दहावीचं समरूपतेचं प्रकरण काढा. ६०० भागिले २ म्हणजे ३००. साडेसदतीस गुणिले ३०० म्हणजे ११,२५० मीटर. सव्वाअकरा किलोमीटर! पट्टी आणि डोळा यांच्या भरवशावर काढलेलं उत्तर इतकं जवळ येतं, की मुलं पहिल्यांदा विश्वासच ठेवत नाहीत. दोन मिलिमीटरऐवजी अडीच वाचलं तर उत्तर नऊ किलोमीटर येतं, आणि मग मोजमापातल्या चुकीवरही बोलता येतं.

आवाजाचं तर त्याहून छान आहे. उंचावरचं विमान आवाजाच्या दिशेने शोधलं तर सापडत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल. आवाजाला तिथून खाली यायला अर्धा मिनिट लागतं. तेवढ्यात ताशी नऊशे किलोमीटरने जाणारं विमान साडेसात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाज येतो त्याच्या बराच पुढे बघायचं. आणि पायथागोरस हवा असेल तर हे घ्या: साडेदहा किलोमीटर उंचीवरचं विमान जास्तीत जास्त किती लांबून दिसू शकेल? पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, स्पर्शिका त्रिज्येला लंब, काटकोन त्रिकोण तयार. उत्तर येतं सुमारे ३६५ किलोमीटर. म्हणजे धुळीचा अडसर नसता तर पुण्याच्या गच्चीवरून गोव्याच्या आसपासचं विमान क्षितिजावर दिसलं असतं.

ओळखायला कसं शिकायचं? जसं पक्षी ओळखायला शिकतो तसंच. पंख वर जोडलेत आणि पुढे पंखे फिरतायत, तर ते एटीआर. चार इंजिनं आणि दुमजली पोट, तर ए३८०. मुंबईला दुबईहून येतं. बोइंग ७३७ आणि ए३२० यांत सगळ्यांचा गोंधळ होतो. ७३७ ची शेपटी जिथे पाठीला मिळते तिथे एक मोडलेला कोन असतो, आणि तिची मुख्य चाकं पोटात गेली तरी त्यांना झाकण नसतं, खालून दोन काळे गोल दिसतात. हे एकदा कळलं की माणूस जन्मभर विमानतळावर सोबतच्यांना पिडतो.

विमानाच्या अंगावर नंबर असतो, आपल्या गाड्यांना असतो तसा. भारतातल्या विमानांचा 'व्हीटी'पासून सुरू होतो. त्याचा अर्थ 'व्हाइसरॉयज टेरिटरी' असं व्हॉट्सॲपवर दर स्वातंत्र्यदिनाला येतं. खरं असं की आंतरराष्ट्रीय वाटपात 'व्ही'ने सुरू होणारे बरेच गट तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या विमानांवर आजही 'व्हीएच' आहे. अक्षरं ब्रिटिशकाळातली आहेत हे बरोबर, व्हाइसरॉयची गोष्ट मागून चिकटवलेली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला टपाल घेऊन उतरले, त्या छोट्या पुस मॉथ विमानाचा नंबर होता व्हीटी-एडीएन. (बघा, टपालवाल्यांनाही या छंदात जागा आहे.) पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा स्वतः विमान चालवत केला.

वेगळं विमान दिसणं हा या छंदातला सण. नोव्हेंबर २०२२ मध्ये देवमाशासारखं फुगीर डोकं असलेलं एअरबसचं बेलुगा मुंबईत उतरलं. २०१६ च्या मे महिन्यात सहा इंजिनांचं, जगातलं सगळ्यात मोठं मालवाहू विमान आंतोनोव २२५ हैदराबादला आलं होतं. ते जगात एकच होतं, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात ते जळालं. आता ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं शेवटचं ७४७, 'आग्रा' नावाचं, मुंबईहून कायमचं निघून गेलं. उडाल्यावर वैमानिकाने पंख हलवून निरोप घेतला. आपल्यापैकी कितीतरी जणांचे नातेवाईक अशाच जंबोमधून आखातात किंवा अमेरिकेत गेले असतील. त्या एका विमानाच्या जाण्यावर एखादं मूल पानभर लिहू शकेल, आणि ते गाईडमध्ये सापडणार नाही.

आता मोबाईलकडे येऊ, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. आज ॲप उघडलं की कुठलं विमान कुठून कुठे चाललंय, किती उंचीवर आहे, सगळं दिसतं. हे कसं होतं हे मुलांना जरूर सांगा. बहुतेक प्रवासी विमानं आपली जागा, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झवर सतत स्वतःच जाहीर करत असतात. जगभरात हजारो हौशी लोकांनी आपल्या घरांवर छोटे रिसीव्हर बसवलेत, ते हे संदेश टिपून पाठवतात आणि त्यातून नकाशा तयार होतो. यातली प्रसिद्ध सेवा फ्लाइटरडार२४ ही स्वीडनमधल्या दोन विमानवेड्यांनी २००६ मध्ये छंद म्हणूनच सुरू केली होती.

पण माझं मत विचाराल तर ॲप सगळ्यात शेवटी. आधी डोळा, मग वही, मग मोबाईल. विमान दिसलं की मुलाने आधी अंदाज लिहायचा: प्रकार कोणता, येतंय कुठून, उंची किती. मग हवं तर ॲप उघडून ताडून बघायचं. क्रम उलटा झाला की मूल आकाशाकडे बघतच नाही, पडद्यावरच्या पिवळ्या विमानांकडे बघत बसतं, आणि तेव्हा आईबाबांची टाइमपासची तक्रार मला पूर्ण पटते. पडद्यावर जे दिसतं ते दुसऱ्याने टिपलेलं असतं. छंद टिपण्याचा आहे.

आणि टिपलेल्याला किंमत असते. २००१ नंतर अमेरिकेची गुप्तचर संस्था संशयितांना साध्या खाजगी दिसणाऱ्या विमानांतून गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेत होती. हे उघड करताना पत्रकारांना ज्या गोष्टी उपयोगी पडल्या, त्यांत युरोपातल्या विमानतळांवर उभं राहणाऱ्या हौशी लोकांच्या वह्या आणि फोटोही होते. कोणता नंबर, कोणती तारीख, कोणतं ठिकाण, एवढंच. त्यांनी लिहिताना काही उघड करायचं म्हणून लिहिलं नव्हतं. याच्या उलट आपल्याकडची गोष्ट. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं, असं अनेक मुलं (आणि आपल्यातलेही काही जण) छातीठोकपणे सांगतात. त्या काळातला भक्कम पुरावा मात्र कोणी दाखवू शकत नाही. त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला. ग्रंथ विसाव्या शतकातलाच आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभिमानाला माझी हरकत नाही. पण तारीख, वेळ, ठिकाण, कोणी बघितलं, हे विचारायची सवय ज्या मुलाला स्वतःच्या वहीमुळे लागली, ते मूल हाही प्रश्न विचारणारच. विचारू द्या.

आता काळजीची बाजू, आणि ती छोटी नाही. २००१ मध्ये ग्रीसमधल्या कलामाता इथे लष्करी विमानांच्या नोंदी करणाऱ्या बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशी लोकांना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं. खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं, अपिलात वर्षभराने ते सुटले. २०१० मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानांचा माग ठेवणारे दोन ब्रिटिश पर्यटक पकडले गेले. काही आठवडे अडकले आणि दंड भरून सुटले. मोठ्या माणसांची ही गत, तर आपल्या पोरांचं काय?

म्हणून माझे नियम कडक आहेत. लष्करी तळाजवळ हा छंद नाही, म्हणजे नाही. पुण्याचं लोहगाव हे वायुदलाचं ठिकाण आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे प्रवासी विमानं उतरतात म्हणून ते साधं विमानतळ होत नाही. कॅमेरा नाही, दुर्बीण नाही, वहीसुद्धा नाही. लष्करी विमान घरावरून गेलं तर खुशाल बघा, त्याची नोंद आणि फोटो इंटरनेटवर टाकायचा नाही. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचं बोलणं ऐकायचे रेडिओ विकत घ्यायचे नाहीत. परवान्याशिवाय ते इथे चालत नाही. विमानतळाच्या कुंपणापाशी मुलांनी एकटं जायचं नाही. एक कटू गोष्टही बोलून टाकते. कुंपणाशी उभ्या असलेल्या दोन मुलांपैकी कोणाला "काय करतोयस रे इथे?" असं दरडावून विचारलं जाईल, हे त्याच्या कपड्यांवरून, वस्तीवरून, कधी नावावरूनही ठरतं. आमच्या वर्गातली बरीच मुलं अशाच वस्तीतली आहेत, ज्यांच्या पत्र्यावरून दिवसाला शेकडो विमानं जातात आणि ज्यांच्या घरातलं कोणी कधी विमानात बसलेलं नाही. त्यांच्यासाठी शिक्षकाने सोबत असणं ही हौस नाही, गरज आहे.

१२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात तुम्हाला आठवत असेल. त्या विमानाचा जो व्हिडिओ सगळीकडे दिसला तो विमानांची आवड असलेल्या एका शाळकरी मुलाने गच्चीवरून घेतलेला होता. पोलिसांनी साक्षीदार म्हणून त्याचा जबाब घेतला, तर त्याला अटक झाल्याची अफवा पसरली आणि पोलिसांना खुलासा करावा लागला. त्या आठवड्यात आमच्याही काही पालकांनी मुलांना गच्चीवर जायला बंदी केली. मला ते कळतं. पण त्या दिवसांत मुलांना बंदीपेक्षा कोणीतरी जवळ बसून बोलणारं हवं होतं. ज्याने शेकडो विमानं नीट उडताना बघितली आहेत त्याला एक न उडालेलं विमान जास्त लागतं.

पालकांना आणखी एक विनंती. मुलगी विमानांबद्दल बोलायला लागली की लगेच "पायलट होणार का?" असं विचारू नका, आणि पायलटच्या कोर्सची फी तर शोधूच नका. पक्षी बघणाऱ्याला आपण "पक्षी होणार का" विचारत नाही. तिला कदाचित हवामान आवडत असेल, नकाशे आवडत असतील, किंवा नुसतं ते वर जाणं. दोन वर्षांनी छंद सुटलाही तरी काही बिघडत नाही.

सुरुवात करायची तर दोनशे पानी वही आणा. आखायचं एवढंच: तारीख, वेळ, कुठून बघितलं, वारा कुठला, ढग, विमान कुठल्या दिशेने कुठे गेलं, माझा अंदाज, आणि शेवटी ताडून काय निघालं. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. आठपट दिसणारी साधी दुर्बीण पुरते, आणि ती सूर्याच्या दिशेला कधीही वळवायची नाही, हे पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या. सुट्टीत गोव्याला जाणारच असाल तर बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. अंगणात जुनी विमानं उभी आहेत, त्यांत एक सुपर कॉन्स्टेलेशन आहे. आधी एअर इंडियाकडे प्रवासी नेणारं, मग वायुदलाकडे, मग नौदलाकडे आलेलं. त्याला तीन शेपट्या आहेत. का, ते मुलांना तिथेच उभं राहून शोधू द्या; तुम्ही तोवर सावलीत बसा.